आधी खोली ऐका

सदाशिव पेठेतल्या वाड्यात, माडीवरच्या पुढच्या खोलीत मामांची म्युझिक सिस्टीम असायची. कमरेएवढे उभे दोन लाकडी स्पीकर, एक जडशीळ ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि पुढे नव्वदीच्या दशकात आलेला सीडी प्लेअर. रविवारी सकाळी आम्ही भाचरं जाजमावर पसरलेली असायचो. कुमार गंधर्वांचा सूर दोन स्पीकरांच्या मधोमध असा काही उभा राहायचा, की स्पीकर डोळ्यांसमोर असूनही ते वाजतायत असं वाटायचं नाही. गाणारा माणूस समोर बसलाय आणि आपण त्याच्या पुढ्यात आहोत, एवढंच वाटायचं.

२००९ साली वाडा पाडायला निघाला आणि मामा-मामी कोथरूडला फ्लॅटमध्ये राहायला गेले. सिस्टीम जशीच्या तशी गोधड्यांत गुंडाळून नेली. पहिल्याच रविवारी मामा म्हणाले, “अरे, यातला जीव गेला बघ.” खरंच गेला होता. गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा चिरका लागत होता, तानपुरा झाकोळला होता आणि डग्गा एका ठिकाणी बदबद घुमायचा, तर दुसऱ्या ठिकाणी ऐकूच यायचा नाही.

मामांनी मग काय करायचं ठेवलं? आधी ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिला. त्यात काही बिघाड सापडला नाही. मग नवा घेतला. मग बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने त्यांच्या गळ्यात करंगळीएवढ्या जाडीची महागडी केबल मारली. दोन वर्षांत चाळीस हजार रुपये गेले, आवाज होता तिथेच राहिला. बदललं काय होतं याचा विचार कुणी केलाच नाही. बदलली होती ती खोली.

घरात संगीत चांगलं ऐकू यावं अशी इच्छा असलेल्या प्रत्येकाला हे प्रकरण मी एवढ्यासाठीच सांगतो आहे. आपण यंत्रं विकत घेतो, त्यांचे वॉट मोजतो, पण कानावर येणारा अर्ध्याहून अधिक आवाज भिंती, फरशी आणि छत यांना आपटून आलेला असतो. खोली हा सिस्टीमचाच भाग आहे, आणि त्यावर काम करायला पैसे फार लागत नाहीत.

मी कोथरूडला गेलो तो एक मीटरटेप घेऊन. हॉल रिकामा असताना मधोमध उभा राहिलो आणि एकदा जोरात टाळी वाजवली. टाळीमागून एक पातळ, धातूचा वाटावा असा “टर्रर्र” आवाज क्षणभर रेंगाळला. “मामा, ऐकलंत?” मी विचारलं. त्यांनी स्वतः टाळी वाजवून पाहिली, मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा वाजवली. “हे प्रत्येक सुरामागे येतंय की काय?” ते म्हणाले. तेच येत होतं. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा ठोकला जातो, त्याची ती टर्रर्र. वाड्यातल्या खोलीत टाळी वाजवली असती, तर नुसती “टप्” ऐकू आली असती.

आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. हिशेबाला सोपं म्हणून असं धरा, की सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे एका मिलिसेकंदात, एक फुटाहून थोडं जास्त. स्पीकरमधून निघालेला सूर सात-आठ फुटांवर बसलेल्या माणसाकडे सरळ येतो तो सात मिलिसेकंदांत. त्याच्या मागोमाग, आणखी दोन-चार मिलिसेकंदांनी, फरशीवरून उसळलेला तोच सूर येतो. मग बाजूच्या भिंतीवरून, मग छतावरून, मग पाठीमागच्या भिंतीवरून. विजापूरच्या गोलघुमटात हे परतलेले आवाज वेगवेगळे ऐकू येतात, कारण तिथे आवाजाला पलीकडे जाऊन परत यायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागतो. घरच्या हॉलमध्ये तो वेळ इतका थोडा असतो की कान त्यांना वेगळं काढतच नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली याची पद्धतशीर मोजणी केली. सुमारे तीस मिलिसेकंदांच्या आत आलेली परतफेड मेंदू मूळ आवाजातच मिसळून टाकतो, आणि आवाज कुठून आला हे ठरवताना आधी पोहोचलेल्याचंच ऐकतो. म्हणून फ्लॅटमध्ये प्रतिध्वनी असा कुणालाच जाणवत नाही. जाणवतो तो गळ्याचा बदललेला पोत. दोष भिंतीचा असतो आणि आळ येतो स्पीकरवर.

या विद्येचा पाया अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात घातला गेला, तोही एका फसलेल्या सभागृहामुळे. १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली आणि तिथल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तेवढ्यात वक्ता पुढचं वाक्य बोलून मोकळा. हे निस्तरायचं काम वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे आलं. त्याच्याकडे साधनं होती ती एवढीच : एक ऑर्गनची नळी, वेळ मोजायचं घड्याळ आणि स्वतःचे कान. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तो मदतनिसांबरोबर रात्री उचलून आणायचा, व्याख्यानगृहात एकेक करून मांडायचा, दर वेळी नळी वाजवून घुमणं किती वेळात विरतं ते मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. शहराचा गोंगाट थांबलेला असायचा म्हणून मध्यरात्रीनंतरची वेळ. एकदा त्याच्या लक्षात आलं की मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात, आणि आपण रोज वेगळे कपडे घालून आलो होतो. त्याने काही महिन्यांची हजारो निरीक्षणं रद्द केली आणि पुढे दर वेळी तेच कपडे घालून मोजणी केली. बोस्टनचा प्रसिद्ध सिम्फनी हॉल १९०० साली त्याच्याच गणितावर बांधला गेला.

सॅबिनने आवाज पिण्याचं माप ठरवलं ते मला फार आवडतं. त्याने एकक घेतलं उघड्या खिडकीचं. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी हे एक चौरस फूट संपूर्ण शोषण. बाकी सगळं त्या खिडकीशी तोलायचं. चकचकीत फरशी, प्लास्टर, काच यांचं शोषण खिडकीच्या शंभरात दोन-तीन भाग. जाड गादीचं निम्म्याहून जास्त. जिवंत माणूस म्हणजे साधारण चार-पाच चौरस फूट उघडी खिडकी. घरगुती मैफलीत दहा-पंधरा माणसं बसली की खोलीचा आवाज एकदम निवतो, त्याचं कारण हेच.

मामांचा हॉल सोळा फूट लांब, अकरा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. सॅबिनच्या सूत्रात हे आकडे घातले, तर अगदी रिकाम्या खोलीत आवाज विरायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. गाणं ऐकायला घरात अर्धा सेकंद किंवा त्याहून किंचित कमी हवा. तो मिळवायचा तर सुमारे १६० चौरस फूट उघड्या खिडकीएवढं शोषण खोलीत आणावं लागेल, म्हणजे जवळजवळ अख्ख्या जमिनीएवढं. आता मामांच्या हॉलमध्ये काय होतं ते पाहा. व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला गॅलरीचं सरकतं काचेचं दार, दुसऱ्या बाजूला काचेचा शोकेस, मध्ये काचेचं टीपॉय आणि रेक्झिनचा सोफा. आवाज पिणारं काही नाहीच.

वाड्यात मात्र हे काम आपोआप होत होतं. जाजम, भिंतीशी रचलेली गाद्यांची चळत, दोरीवर वाळत घातलेली धुणी, मामांची पुस्तकांची उघडी कपाटं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाटाईची लाकडी जमीन, डोक्यावर तुळया आणि खोल्यांमधले फळ्यांचे पडदे. पातळ फळी खालच्या सुरांबरोबर स्वतः हलते आणि हलण्यात त्यांची ताकद जिरवते. आरसीसीची भिंत हलत नाही, ती सगळा बेस जसाच्या तसा परत फेकते. वाड्यांबद्दलचा माझा जिव्हाळा मी लपवत नाही, पण हे मी जिव्हाळ्यापोटी म्हणत नाही. गाणं ऐकायला ती खोली या हॉलपेक्षा खरोखरच चांगली होती.

मग आम्ही कामाला लागलो. मामींनी माळ्यावरून दोन घोंगड्या, एक जाड सतरंजी आणि जुना गालिचा काढून दिला. आधी सतरंजी आणि तिच्यावर गालिचा असं स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या जमिनीवर अंथरलं. मग आरशाची युक्ती. मामा सोफ्यावर नेहमीच्या जागी बसले आणि मी दाढीचा आरसा बाजूच्या भिंतीला चिकटवून हळूहळू सरकवत नेला. ज्या जागी मामांना आरशात स्पीकरचा ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा लहान पडदा, दिसतो, त्याच जागेवरून ट्विटरचा आवाज उसळून त्यांच्या कानावर येणार. प्रकाश आणि वरचे सूर भिंतीवरून सारख्याच कोनात परततात. दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा केल्या. एका खुणेवर घोंगडी टांगली. दुसरीकडे गॅलरीचं काचेचं दार येत होतं, तिथे दुसरी घोंगडी पडद्याच्या सळईवर सोडली. ऐकायच्या वेळी ओढायची, एरवी बाजूला.

घोंगडी भिंतीला चिकटवून टांगू नका, तीन-चार इंच पुढे सोडा. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या कणांचं पुढे-मागे हलणं. कापड आणि लोकर आवाज पितात ते हलत्या हवेला धाग्यांमध्ये घासून. भिंतीला टेकलेली हवा मात्र हलूच शकत नाही, भिंत आडवी असते. हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून लहरीच्या चौथ्या हिश्श्यावर. चार इंचांवर घोंगडी टांगली, तर सुमारे आठशे हर्ट्झपासून वरचे सूर ती चांगले पकडते, आणि चिरकेपणा असतो तो याच पट्ट्यात आणि याच्या वर. शंभर हर्ट्झसाठी हाच हिशेब केला, तर अंतर येतं पावणेतीन फूट. म्हणून पातळ पडद्याने बेस आवरत नाही. आणि भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की ते पुठ्ठे वरचे थोडे सूर पिण्यापलीकडे काही करत नाहीत, आणि आग लागली तर भराभर पेटतात. ते काढून टाका. त्यापेक्षा पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला लावा. वेगवेगळ्या जाडीची, कमी-जास्त आत सरकवलेली पुस्तकं आवाज विखुरतात, आणि विखुरलेला आवाज कानाला बोचत नाही.

पुन्हा टाळी वाजवली. टर्रर्र गेली होती. गाणं लावलं तर गळा निम्मा परत आला होता. डग्गा मात्र अजून तसाच बोदा.

खालच्या सुरांचं गणित वेगळं. सत्तर हर्ट्झच्या सुराची लहर सोळा फुटांची असते. म्हणजे मामांच्या हॉलच्या लांबीत ती बरोबर बसते. एका भिंतीवरून परतलेली आणि दुसरीकडून येणारी लहर एकमेकींत अशा अडकतात, की काही जागी त्यांची बेरीज होते आणि काही जागी वजाबाकी. दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर सूर फुगतो. भिंतीपासून चार फुटांवर तो जवळजवळ नाहीसा होतो. या ‘घट्ट’ सुरांची यादी खोलीच्या मापावरून आधीच काढता येते : ध्वनीचा वेग भागिले लांबीच्या दुप्पट, आणि मग त्याच्या दुपटी-तिपटी. सोळा फुटांना ३५, ७०, १०५. अकरा फुटांना ५१, १०२. साडेनऊ फुटांना साधारण ६०. खोली चौरस असली तर दोन याद्या एकमेकींवर पडतात आणि तेच सूर दुप्पट बदबदतात. सिस्टीमसाठी खोली निवडायची मुभा असेल, तर चौरस दहा बाय दहाची निवडू नका.

आपल्या संगीतात हे कुठे येतं? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मधला सा साधारण १३९ हर्ट्झचा. त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. बरोबर मामांच्या खोलीच्या अडचणीच्या जागी. तरी तानपुऱ्यात दोष लगेच जाणवत नाही, कारण जवारीमुळे खर्जाच्या तारेतून वरच्या स्वरांशांचा एवढा झोत निघतो, की मूळ ६९ हर्ट्झ फारसे ऐकूच न येता मेंदू वरच्या रांगेवरून खर्ज स्वतः जुळवून घेतो. छोट्या रेडिओवरही खर्ज लागलेला कळायचा, तो याचमुळे. डग्ग्याला ही सवलत नाही. त्याचा घुमारा याच भागात हिंडतो, आणि मनगटाने दाबून वादक तो खालून वर ओढतो, तेव्हा एकाच मिंडीत तो खोलीच्या फुगलेल्या जागेतून निघून रिकाम्या जागेत जातो. मामा म्हणायचे डग्गा येतो-जातो, ते शब्दशः खरं होतं.

मामांचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. आपल्या शंभरातल्या नव्वद घरांत तसाच असतो. भिंतीपाशी सगळेच घट्ट सूर फुगलेले. आम्ही सोफा चार फूट पुढे ओढला. डग्गा गायबच झाला, नुसता कोरडा तबला उरला. मामा घाबरले. आणखी दोन फूट पुढे आणला, म्हणजे मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर, आणि तिथे डग्गा आपल्या जागी येऊन बसला. फुगलेला नाही, हरवलेला नाही. मामींनी दरवाजातून विचारलं, “अहो, नवीन काही आणलंत का?”

स्पीकरही कोपऱ्यांतून काढले. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरला दोन भिंती आणि जमीन मिळून खालच्या सुरांना जोर देतात. दुकानात बारीक वाटलेला बेस घरी आल्यावर अंगावर येतो, तो त्यामुळे. मागच्या भिंतीपासून अडीच फूट, बाजूच्या भिंतींपासून सव्वादोन फूट, एकमेकांपासून साडेसहा फूट, आणि दोन्ही किंचित आत, ऐकणाऱ्याच्या खांद्यांकडे वळवलेले. ट्विटर कानाच्या उंचीवर. लहान स्पीकर असतील तर ते शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका, फ्रीजवरही ठेवू नका. भक्कम स्टुलावर किंवा स्टँडवर ठेवा आणि दोन्हींच्या बाजूची मापं सारखी ठेवा. अंतर मोजताना डोळ्यांवर भरवसा नको, टेप लावा. दोन इंचांचा फरक कानाला कळतो.

एवढ्या मापांचा अट्टाहास कशासाठी? स्टिरिओची सगळी किमया त्यावर उभी आहे म्हणून. ॲलन ब्लुमलाइन हा इएमआय कंपनीतला इंग्रज अभियंता. सिनेमा पाहताना त्याला खटकलं, की नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसरीकडून. १९३१च्या डिसेंबरमध्ये त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४२ साली रडारच्या चाचणी उड्डाणात विमान कोसळून तो गेला, तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता, आणि स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात यायला आणखी पंधरा-सोळा वर्षं होती. त्याच्या कल्पनेचं मर्म असं : दोन्ही स्पीकरांतून तोच सूर एकाच वेळी, सारख्याच जोराने कानांवर आला, तर मेंदू तो मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, उभा करतो. एक स्पीकर भिंतीजवळ आणि दुसरा मोकळा असला की हा समतोल मोडतो आणि गायक एका बाजूला कलतो.

हे तपासायला जुनं मोनो ध्वनिमुद्रण सर्वांत चांगलं. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असोत की १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचलेलं गीतरामायण, हे सगळं एकाच वाहिनीचं. ते लावा आणि डोळे मिटा. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, वीतभर जागेतून आला पाहिजे. तो पसरट वाटला, डोक्यात दोन्ही बाजूंनी शिरल्यासारखा वाटला आणि बेस पातळ झाला असेल, तर जवळजवळ खात्रीने एका स्पीकरच्या तारा उलट लागलेल्या असतात. एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्हीकडे पाहा. तारेवर रंग नसेल तर ॲम्प्लिफायरपासून तारा सोडवा आणि साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तारेच्या टोकांना क्षणभर टेकवा. ज्या तारेला सेलचं धन टोक लावल्यावर वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांचा, पडदा बाहेर सरकतो, ती लाल. मामांचा एक स्पीकर दुरुस्तीच्या फेऱ्यात असाच उलटा जोडला गेला होता. दोन वर्षं.

वॉट आणि केबल यांच्यावर फार शाई खर्चायची नाही. पन्नास वॉटचा ॲम्प्लिफायर काढून शंभरचा आणला, तर मिळतात तीन डेसिबल, म्हणजे “जरा मोठा झाला का?” एवढा फरक. कानाला दुप्पट मोठा वाटायला दहापट ताकद लागते. केबलचं म्हणाल, तर घराच्या वायरिंगला वापरतात तसली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर अंतराला पुरून उरते. जाऊन-येऊन तिचा विरोध आठ ओहमच्या स्पीकरच्या शंभराव्या भागाइतकाही होत नाही. टोकं साफ छिला, स्क्रू घट्ट आवळा, पावसाळ्यानंतर एकदा काळी पडलेली टोकं कापून नवी काढा. करंगळीएवढ्या केबलला दिलेले पैसे मी तरी वाया गेलेलेच मानतो.

आवाज किती मोठा ठेवायचा हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाज लहान केला की कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज बारीक केल्यावर गाणं पोकळ वाटतं, तो यंत्राचा दोष नव्हे. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं ते यासाठीच, आणि बारीक आवाजात ते जरूर दाबावं. मोठ्याने ऐकताना मात्र सोडून द्यावं. दिवसा ऐकायचं तर गायक समोर बसून गायला असता तेवढाच आवाज ठेवा. पंखा बंद करता आला तर करा. अति-विलंबित ख्यालातल्या शांत जागा, श्वास, तानपुऱ्याची विरती आस, हे सगळं पंख्याच्या घरघरीत बुडतं.

आता स्रोत. सीडी सेकंदाला चौदा लाखांहून जास्त बिट देते. मोबाइलवर इंटरनेट वाचवायला कमी दर्जाचं सेटिंग राहिलेलं असेल, तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी येतात. सेटिंग एकदा उघडून बघा, आणि ब्लूटूथऐवजी वायर जोडा. रेकॉर्ड प्लेअर असेल तर सुईचा भार कंपनीने सांगितला तेवढाच, बहुतेक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम, छोट्या वजनकाट्यावर तोलून ठेवा. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते असा समज आहे, पण सैल सुई खाचेत आपटत जाते आणि खाचच खराब करते. पावसाळ्यात रेकॉर्डना बुरशी धरते. त्या उभ्या ठेवा, दमट भिंतीपासून दूर.

शेवटी कान कशावर तयार करायचा तेही सांगतो. तबल्यावर. १९२० साली सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलं, की शाईच्या लेपामुळे आपल्या चर्मवाद्यांचे स्वरांश तंतुवाद्यासारखे सुरेल प्रमाणात बसतात; साध्या ढोलाचे तसे बसत नाहीत. म्हणून तबल्याला स्वर असतो. चाटेवरच्या ‘ना’मध्ये टणक आघातही असतो आणि मागोमाग लांबणारा स्वरही. खोली घुमत असेल तर आघात बोथट होतो, वरचे सूर उसळत असतील तर तो टोचतो, बेस बिघडला असेल तर डग्गा चाटेपासून सुटतो. ओळखीच्या एखाद्या तबलावादनाची पाच मिनिटं ठरवून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर तीच ऐका. एका वेळी एकच बदल करा. दोन केले की कशाने काय झालं ते कळत नाही.

कोथरूडच्या त्या हॉलमध्ये आज सोफा भिंतीपासून सहा फुटांवर आहे आणि त्याच्यामागे मामांची पुस्तकं आहेत. नवा ॲम्प्लिफायर त्यांनी दुसऱ्या एका भाच्याला दिला, जुनाच वाजतो आहे. तुमच्याही घरी नवीन काही आणायचं मनात असेल, तर आणायच्या आधी एक रविवार द्या. टाळी वाजवा, टेप लावा, सोफा ओढा, माळ्यावरच्या घोंगड्या खाली काढा, तारांची टोकं तपासा. त्यानंतरही आवाज कमी पडला, तरच दुकानाची पायरी चढा.